अननसकृपा

आमच्या नात्यातल्या निम्म्या लग्नांचा ज्याच्यामुळे उद्धार झाला, त्या सॉफ्टवेअरचं बोधचिन्ह अननस आहे. एक पिकलेला अननस आणि शेजारी एक ग्लास. ग्लासात सरबत असावं असं घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगायचं असतं. सॉफ्टवेअरचं नाव हँडब्रेक. गाडीशी त्याचा काही संबंध नाही आणि अननसाशी तर नाहीच नाही. एका प्रकारची व्हिडिओ फाइल घ्यायची आणि तिची दुसऱ्या प्रकारची फाइल करून द्यायची, एवढंच त्याचं काम. आता हे 'एवढंच' म्हणजे केवढं, ते ज्याच्या दारात एखादा पाहुणा पेनड्राइव्ह पुढे करून "हे टीव्हीवर लागत नाहीये, बघ जरा" म्हणत उभा राहिलाय, त्यालाच कळेल.

आणि हे फुकट आहे. नुसतं फुकट नाही, त्याचा सोर्स कोडही उघड्यावर ठेवलेला आहे. कोणीही यावं, वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. हे सांगितल्यावर समोरच्या माणसाला आनंद व्हायला हवा, पण मराठी माणसाला संशय येतो. आमच्या खालच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांनी विचारलं, "फुकट म्हणजे किती दिवस?"

"कायमचं, काका."

"मग त्या लोकांना काय मिळतं?"

"काही नाही."

"असं नसतं," काका म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. सगळी नोकरी कर्जाचे अर्ज तपासण्यात गेलेली. आता जामीनदार कोण आहे असं विचारतात की काय, अशी मला भीती वाटली.

काकांचं एक वेळ समजू शकतो. पण माझा भाचा, ज्याचा जन्मच इंटरनेटवर झाला आहे, तो मला गुपचूप म्हणाला, "मामा, तुला ह्याचं क्रॅक्ड व्हर्जन देऊ का?" फुकट वाटल्या जाणाऱ्या वस्तूची चोरलेली प्रत! अरे, मूळ फुकटच आहे, म्हटलं. तर म्हणतो, "हो, पण हे प्रो आहे." हँडब्रेकचं प्रो असं काही नसतं. पण भाच्याच्या लॅपटॉपवर ते होतं आणि त्याच्याबरोबर आणखीही बरंच काही होतं.

मे २०१७ मध्ये मात्र काकांना जिंकल्यासारखं झालं असतं. काही चोर हँडब्रेकच्याच डाउनलोडच्या एका सर्व्हरवर शिरले आणि मॅकवाल्यांसाठी ठेवलेली खरी प्रत काढून त्यांनी तिथे विषारी प्रत ठेवली. काही दिवस लोक तीच उतरवून घेत होते. ही गोष्ट मी काकांना अजून सांगितलेली नाही.

हँडब्रेक लिहायला घेतलं एरिक पेटी नावाच्या गृहस्थाने, २००३ साली आणि बीओएस नावाच्या प्रणालीसाठी. ही प्रणाली काढणाऱ्या कंपनीने २००१ मध्येच गाशा गुंडाळला होता. म्हणजे जुनं जपण्याचं हे औजार जन्माला आलं तेच मुळी मागे राहिलेल्या घरात. पुढे ते विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे गेलं, लाखो लोक वापरायला लागले, आणि करणारे मात्र म्हणत राहिले की अजून पुरं झालेलं नाही. आवृत्तीचा आकडा शून्य पॉइंट अमुक, शून्य पॉइंट तमुक. २४ डिसेंबर २०१६ रोजी, तेरा वर्षांनी, त्यांनी त्याला १.० म्हटलं. आपल्याकडे उद्घाटन आधी होतं आणि पूल मागाहून येतो. इथे तेरा वर्षं रहदारी झाल्यावर फीत कापली.

पण अननसापर्यंत पोचायच्या आधी जुन्या लग्नाची कॅसेट वाजवावी लागते आणि तिथेच पहिला अडसर असतो. जगात नवे व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी म्हणजे जपानची फुनाई. तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. त्यामुळे आज ज्याच्या घरी चालता व्हीसीआर आहे त्याला नात्यात अचानक मान आलेला आहे. एरवी ज्यांना बारशाचं आमंत्रण फोनवर आटपतात, त्यांच्याकडे लोक पेढे घेऊन जातात. "तुमचा तो अजून चालतो ना?" असं हळूच विचारतात, एखाद्या म्हाताऱ्याच्या तब्येतीची चौकशी करावी तसं. तो चालत असतो, फक्त रिवाइंड करताना कण्हतो.

कॅसेट तरी धड असते का? मुंबई-कोकणातली असेल तर चार पावसाळ्यांतच आत पांढरी बुरशी धरलेली. ती तशीच व्हीसीआरमध्ये घातली की बुरशी हेडला लागते आणि मग त्यात घातलेल्या पुढच्या प्रत्येक कॅसेटला प्रसाद मिळतो. वर लेबलावर 'लग्न' एवढंच लिहिलेलं असतं. कोणाचं, ते त्या काळी सगळ्यांना माहीत होतं. खाली पेनने 'पुसू नये' असंही असतं, आणि त्यावर अर्थातच मागाहून एकदिवसीय सामना टेप केलेला असतो.

शिवाय कॅसेटमधलं चित्र संगणकात घ्यायचं तर त्याला घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट तीन तासच घेते. समोर बसून राहावं लागतं, कारण टेप कुठे अडकेल सांगता येत नाही. ह्या नादात मी इतकी परकी लग्नं अथपासून इतिपर्यंत पाहिली आहेत, की रस्त्यात भेटलेल्या अनोळखी बाईंना ओळख द्यायला जातो आणि मग आठवतं, आपण ह्यांना फक्त सप्तपदीत पाहिलंय.

त्या काळच्या लग्नाच्या व्हिडिओचं स्वतंत्र शास्त्र होतं. सुरुवातीला गणपती फिरत फिरत येणार. मग नवरीचा चेहरा गुलाबातून उमलणार आणि नवरदेव बदामातून. दोन प्रसंगांच्या मध्ये चित्र पान उलटल्यासारखं उलटणार, नाहीतर त्याच्या काचा होऊन खाली पडणार. नवरीकडचे रडत असताना मागे हिंदी सिनेमातलं आनंदी गाणं, कारण कॅसेटवाल्याकडे तेवढीच एक बाजू शिल्लक. आणि मग पंगत. हॅलोजनचा झोत पंगतीत शिरला की जेवणारा माणूस जिलबी तोंडापाशी नेऊन थांबायचा. व्हिडिओ हलतो ह्यावर त्या पिढीचा विश्वासच नव्हता. फोटो निघाल्याचा आवाज येईपर्यंत हलायचं नाही, असा संस्कार. आवाज काही येत नसे. मग कॅमेरामन पुढे सरकला की जिलबी तोंडात.

ह्या थांबलेल्या जिलबीवर संगणक फार खूश असतो. व्हिडिओ लहान करायची जी पद्धत आहे तिचं निम्मं कौशल्य आळसात आहे. सेकंदाला पंचवीस चित्रं पूर्ण साठवत बसायचं नाही. एक पूर्ण साठवायचं आणि पुढच्यांत आधीपेक्षा काय हललं तेवढंच टिपायचं. पंगतीत काहीच हललेलं नसतं, त्यामुळे शंभर माणसं चिमूटभर जागेत मावतात. संगणकाची तारांबळ उडते ती मंगलाष्टकांना. भटजींचा 'सावधान' आला की चारी बाजूंनी अक्षता. हजार दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी, वेग वेगळा, कुठला दाणा मागच्या फ्रेममध्ये कुठे होता ह्याचा पत्ता नाही. त्या क्षणी व्हिडिओ लहान करणाऱ्या बिचाऱ्या एनकोडरला एकही गोष्ट 'आधीसारखीच' म्हणून सोडता येत नाही. जागा मोजून दिलेली असेल तर चित्राचे चौकोन पडतात आणि नवरानवरीच्या चेहऱ्याच्या फरश्या होतात. अख्ख्या कॅसेटमध्ये जो क्षण नीट दिसायला हवा, नेमका तोच फरशीत जातो. यंत्राला मुहूर्त कळत नाही. त्याच्या लेखी अक्षता, धबधबा, बर्फवृष्टी आणि वरातीतले अनार हे एकाच प्रकारचे शत्रू आहेत.

ते चौकोन कुठून येतात, ह्याची गोष्ट आपल्या शेजारची आहे. बंगळूरला जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत प्राध्यापक झालेले नसीर अहमद. चित्राचे छोटे चौकोन करून प्रत्येकातली ठळक चढउतार तेवढी ठेवायची आणि डोळ्याला जाणवत नाही ती बारीक थरथर सोडून द्यायची, ह्यासाठीचं गणित त्यांनी १९७२ मध्ये सुचवलं आणि संशोधनासाठी अनुदान मागितलं. कल्पना फारच साधी आहे म्हणून अनुदान नाकारलं गेलं, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. मग त्यांनी ते टी. नटराजन आणि के. आर. राव ह्यांच्याबरोबर, अनुदानाविना, १९७४ मध्ये प्रसिद्ध केलं. आज फॅमिली ग्रुपवर येणारा प्रत्येक सुप्रभातचा गुलाब त्याच गणितावर उमललेला असतो. ह्याबद्दल अहमदांना दोष देता येणार नाही.

चौकोन नकोत तर जागा मोजून न देता दर्जा ठरवून द्यावा, अशी हँडब्रेकमध्ये सोय आहे. एक सरकपट्टी असते. गंमत अशी की तिच्यावर आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला. शून्य म्हणजे काहीच गमावलेलं नाही, एक्कावन्न म्हणजे काहीच उरलेलं नाही. वीस-बावीसच्या आसपास शहाणे लोक थांबतात. पण जन्मभर मार्कांवर पोसलेल्या माणसाला हे पटत नाही. काकांनी मी चहा आणायला उठलो तेवढ्यात पट्टी एक्कावन्नावर नेली आणि "काढायचेच तर पैकीच्या पैकी काढ" म्हणाले. एक कॅसेट त्या दर्जाने निघाली. तिच्यात मुंज आहे की मोर्चा, हे सांगता येत नाही.

दुसरी पट्टी वेगाची. किती घाईने काम उरकायचं ते तिच्यावर ठरतं. जितका वेळ द्याल तितकी फाइल लहान. अल्ट्राफास्टपासून व्हेरीस्लोपर्यंत पायऱ्या आहेत आणि व्हेरीस्लोच्याही पलीकडे एक पायरी आहे, तिचं नाव प्लासिबो. म्हणजे औषध म्हणून दिलेली साखरेची गोळी. यंत्र रात्रभर तापतं, पंखा घोंघावतो, घरातले झोपेत कूस बदलतात आणि सकाळी हाती येणारी फाइल व्हेरीस्लोच्या फायलीपेक्षा वेगळी ओळखू येत नाही. ही पायरी करणाऱ्यांनीच ठेवली आणि नावही त्यांनीच दिलं. ग्राहकाच्या मानसिक समाधानासाठी लावलेल्या बटणावर तसं स्पष्ट लिहिणारा दुसरा व्यवसाय मला माहीत नाही. माझे एक मेव्हणे मात्र प्लासिबोशिवाय करूच देत नाहीत. "वेळ लागला तरी चालेल, पण वरचंच लाव."

एवढं करून फाइल तयार होते आणि ५५ इंची टीव्हीवर लागते. तिथे खरं भांडण सुरू होतं. जुनं चित्र चार बाय तीनच्या मापाचं, टीव्ही सोळा बाय नऊचा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. "हे काय? एवढा मोठा घेतलाय आणि मध्ये एवढंसं?" टीव्हीची पूर्ण काच भरली पाहिजे, कारण पूर्ण काचेचे पैसे मोजलेले आहेत. मग रिमोटवरचं एक बटण दाबून चित्र आडवं ताणलं जातं. सगळे वऱ्हाडी क्षणात वीस किलोंनी वाढतात. नवरीची नथ भाकरीएवढी होते. आजोबा, जे हयातभर काटकुळे होते आणि त्याचा त्यांना अभिमान होता, ते पैलवान दिसतात. "बघा, तेव्हा माणसं कशी धट्टीकट्टी होती!" असा इतिहासही लगेच तयार होतो. काही वाहिन्या जुने मराठी चित्रपट असेच ताणून दाखवतात, तेव्हा हा दोष फक्त घरचा नाही.

ताणून झालं की चित्रातल्या मुंग्या. "त्या मुंग्या काढता येतील का रे?" येतात. हँडब्रेकमध्ये त्यासाठी गाळण्या आहेत, खास टेपसाठीची सुद्धा आहे. मी हलकी गाळणी लावून देतो. "अजून थोड्या आहेत." मग मधली. "अजून." मग कडक गाळणी. मुंग्या जातात आणि त्यांच्याबरोबर सुरकुत्या, तीळ, पैठणीचा पोत, आत्याच्या हनुवटीवरचं गोंदण हेही जातं. उरतात मेणाची माणसं. घरचे म्हणतात, आता कसं स्वच्छ झालं! सिनेमाच्या फिल्मवर तर ह्या मुंग्यांसारखे दिसणारे दाणे म्हणजे मळ नाहीच. चित्र बनलेलंच त्या दाण्यांचं असतं. ते पुसले तर चित्र पुसलं. म्हणून एनकोडरला "दाणे राखून ठेव" असं बजावण्याची एक वेगळी कळ ठेवलेली आहे. ती दाबली की फाइल फुगते, आणि फुगलेली फाइल घेऊन कोणी माझ्याकडे आभार मानायला आलेलं नाही.

अननस हा ह्या सगळ्याचा फक्त देखणा चेहरा. त्याच्या आत जे राबतं त्याचा मोठा भाग एफएफएमपेग नावाच्या सॉफ्टवेअरचा. ह्याला चेहराच नाही. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायच्या, आणि उत्तरादाखल ते आधी स्वतःची वंशावळ दहा ओळी छापतं. फ्रान्सच्या फाब्रिस बेलार ह्यांनी २००० साली ते सुरू केलं, तेही ज्येरार लांतो असं टोपणनाव घेऊन. हे बेलार म्हणजे घरच्या एका संगणकावर पायचे जवळजवळ २,७०० अब्ज अंक काढून २००९च्या अखेरीला विश्वविक्रम करणारे गृहस्थ. आज इंटरनेटवर तुम्ही पाहता त्यातला बहुतेक व्हिडिओ कुठे ना कुठे एफएफएमपेगच्या हातून गेलेला असतो. २०२१ साली मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स यानाच्या कॅमेऱ्यांच्या कामातही ते होतं. मंगळावरचा व्हिडिओ आला, पण मेव्हण्यांचा पेनड्राइव्ह टीव्हीवर लागला नाही, ह्याचं खापर मात्र माझ्यावर.

एवढं गुणी मंडळ म्हटल्यावर त्यात फूट पडणारच. जानेवारी २०११ मध्ये काही कार्यकर्त्यांनी एफएफएमपेगची सूत्रं हातात घेतली. पण नावाचा हक्क बेलार ह्यांचा. तेव्हा मार्चमध्ये ह्या कार्यकर्त्यांनी लिबाव नावाची वेगळी चूल मांडली. कारणं ऐकून कुठल्याही गणेशोत्सव मंडळातल्या माणसाला घरी आल्यासारखं वाटेल: निर्णय कोण घेतं, कोणाला विचारून घेतं आणि दुसऱ्याच्या कामात चुका काढण्याची भाषा काय असावी. डेबियनसारख्या लिनक्सच्या मोठ्या वितरकांनी नव्या मंडळाला मान्यता दिली. तिथे एफएफएमपेगची जुनी आज्ञा दिली की पडद्यावर यायचं, हा प्रोग्राम कालबाह्य झाला आहे, नवा वापरा. मूळ मंडळ शेजारच्याच गल्लीत धडधाकट काम करत होतं. त्याचे म्होरके मिखाएल नीडरमायर नुसतेच टिकले नाहीत, तर फुटलेल्या मंडळाने केलेलं नवं काम नेमाने आणून आपल्यात मिसळत राहिले. सगळं उघडं असल्यामुळे ह्याला चोरी म्हणताही येईना. त्यांनी काही नवं करावं, ते ह्यांच्याकडे यावं, शिवाय ह्यांचं स्वतःचं वेगळं असावं. २०१५ मध्ये डेबियन परत आलं, नीडरमायर म्होरकेपणावरून पायउतार झाले आणि लिबाव हळूहळू मिटलं. आपल्याकडच्या नाट्यसंस्थांना ही युक्ती सुचली असती तर फुटून निघालेल्यांचं नेपथ्यही वाया गेलं नसतं.

ह्या लोकांचा हट्ट बघा. १९९५ सालच्या एका संगणक-खेळातल्या चित्रफितीचा प्रकार, जो आज जवळपास कोणीच वापरत नाही, तोही एफएफएमपेगला वाचता येतो. कोणीतरी कधीतरी बसून, पगार न घेता, तो उलगडून ठेवला. २०२५ मध्ये गूगलच्या यंत्रबुद्धीने नेमक्या त्या कोपऱ्यातली एक चूक शोधून दाखवली आणि ती आता दुरुस्त करा म्हणून कळवलं. फुकट काम करणारे भडकले: चूक सापडली तर दुरुस्तीही पाठवा, नाहीतर पैसे पाठवा. त्यांची बाजू मला पटते. लग्नात जेवून उठल्यावर मठ्ठ्यात मीठ कमी होतं असं सांगणाऱ्यांच्या बाजूने मी कधीच नव्हतो.

हा हट्ट कशासाठी, हे पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावर कळतं. तिथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून. आपला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र', ३ मे १९१३ रोजी गिरगावात कोरोनेशन सिनेमात लागला. त्याची रिळं चार. आज शिल्लक पहिलं आणि शेवटचं. म्हणजे राजाने वचन दिलं आणि सगळं परत मिळालं, एवढंच दिसतं. मधला सगळा छळ गहाळ. आणि ही दोन रिळं तरी १९१३ची की फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची, ह्यावर अभ्यासक अजून भांडतात. पहिला बोलपट 'आलम आरा', १९३१ चा. त्याची एकही प्रत नाही. काळ्यापांढऱ्या फिल्ममध्ये चांदी असते, आणि चालून जुना झालेला चित्रपट म्हणजे वजनावर विकायची चांदी असाच बऱ्याच निर्मात्यांचा हिशोब होता. जे चांदीवाल्याकडे गेलं नाही ते आगीत गेलं, कारण जुनी नायट्रेटची फिल्म पेटली की विझत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातलं नायट्रेटचं गोदाम जळालं. पुढच्या काळातली ॲसिटेटची फिल्म पेटत नाही, ती आंबते. डबा उघडला की शिरक्याचा भपकारा येतो. एकदा वास सुटला की ती प्रक्रिया मंद करता येते, थांबवता येत नाही.

तरीही जे राहिलं ते पी. के. नायर नावाच्या एका माणसाने राखलं. पुढे ते संग्रहालयाचे संचालक झाले. गावोगाव फिरायचे, लोकांच्या घरचे डबे मागायचे. फाळक्यांचा 'कालिया मर्दन' त्यांनी फाळके कुटुंबाकडच्या तुकड्यांतून लावून काढला. अंधारात चित्रपट पाहताना हातात वही आणि छोटी बॅटरी, कुठल्या रिळात कुठला प्रसंग ते टिपत. चित्रपट चांगला की वाईट हे ठरवणं आपलं काम नाही, मिळेल तो ठेवायचा, अशी त्यांची वृत्ती होती. ही वृत्ती आणि १९९५ चा खेळ उलगडून ठेवणाऱ्याची वृत्ती ह्यांत मला फरक दिसत नाही.

मग सगळं डिजिटल केलं की झालं, असं काका म्हणाले. तसंही नाही. दोन तासांच्या चित्रपटात सेकंदाला २४ प्रमाणे १,७२,८०० फ्रेम. फोर-के स्कॅनची एक फ्रेम साधारण ५० एमबीची. म्हणजे एक चित्रपट आठ टेराबाइटच्या वर. अमेरिकेतल्या ऑस्करवाल्या अकादमीने २००७ मध्ये हिशोब मांडला होता: फिल्मवरचा मूळ चित्रपट थंड जागी ठेवायला वर्षाला १,०५९ डॉलर, डिजिटल ठेवायला १२,५१४. कारण डिजिटल वस्तू ठेवून भागत नाही, ती सारखी नव्या जागी हलवावी लागते. संग्रहालयं वापरतात त्या एलटीओ टेपचं आठव्या पिढीचं यंत्र सहाव्या पिढीची टेप वाचत नाही. आणि माणसं आहेतच. 'टॉय स्टोरी २' बनत असताना १९९८ मध्ये कोणीतरी एक आज्ञा दिली आणि चित्रपटाच्या बहुतेक फायली पुसल्या गेल्या. बॅकअप चालत नव्हता. घरी तान्हं बाळ असल्यामुळे एका अधिकारी बाईंनी, गॅलिन सुझमन ह्यांनी, घरच्या संगणकावर एक प्रत नेली होती, तिच्यावरून चित्रपट वाचला. तिथे बाळंतपणाची रजा बॅकअपहून भरवशाची ठरली.

डिजिटल जपण्याच्या ह्या अडचणींवर जगातल्या कितीतरी संग्रहालयांनी जो उपाय धरला तो पुन्हा एफएफएमपेगच्या मंडळातूनच आला आहे. एफएफव्ही१ नावाची, काहीही न गमावता लहान करणारी पद्धत नीडरमायर ह्यांनी २००३ च्या सुमारास लिहिली. व्हिएन्नाच्या मेडियाटेकसारख्या संस्थांनी ती आधी उचलली, आणि २०२१ मध्ये तिची अधिकृत, तपशीलवार व्याख्या प्रसिद्ध झाली. तिची फाइल उलटी उघडली की मूळ फ्रेम जशीच्या तशी मिळते, एका बिटाचाही फरक नाही. शिवाय एफएफएमपेग मागाल तर प्रत्येक फ्रेमचा वेगळा ठसा काढून देतं. आज काढलेली ठशांची यादी आणि दहा वर्षांनी काढलेली यादी शेजारी ठेवायची. जुळली तर माल शाबूत.

हे मी काकांना दाखवलं. दोन याद्या, लाखो ओळी, शेवटपर्यंत जुळलेल्या. काका खुर्ची ओढून बसले. बोट ठेवून त्यांनी पहिली पन्नासेक ओळींची रुजवात स्वतः घातली, मग म्हणाले, "हे लोक बँकेत असायला हवे होते." त्यानंतर फुकट कसं काय, हा प्रश्न त्यांनी काढलेला नाही. आता तेच येणाऱ्याजाणाऱ्याला प्लासिबो लावू नका म्हणून सांगतात.

तेव्हा माळ्यावर कॅसेट असतील तर ह्या दिवाळीच्या साफसफाईत खाली उतरवा आणि फेकू नका. बुरशी दिसली तर जाणत्याकडून साफ करून घ्या, व्हीसीआरमध्ये कोंबू नका. संगणकात घेतलेली पहिली, मोठी, फुगलेली फाइल तशीच ठेवा, दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. टीव्हीसाठी आणि ग्रुपसाठी तिची लहान प्रत करा. काळे पट्टे राहू द्या. मुंग्या थोड्या राहू द्या. गुलाबातली नवरी तर कापूच नका, तो त्या काळचा पुरावा आहे. आणि एफएफएमपेग देणग्या स्वीकारतं. त्या लग्नात आपण जो आहेर केला असेल तेवढा तरी त्यांना पाठवा. फक्त १९८९ च्या भावाने अकरा रुपये पाठवू नका.